दोन दिवसांच्या प्रमाणपत्राने चिंतेवरचे उपचार येतात का?

प्रश्न : माझी भाची मानसशास्त्रात एम.ए. झाली आहे. गेल्या महिन्यात तिने 'सीबीटी'ची दोन दिवसांची कार्यशाळा केली आणि प्रमाणपत्र घेऊन आली. आता चिंतेच्या रुग्णांवर काम सुरू करते म्हणते. दुसरीकडे माझ्या बायकोला लोकलमध्ये जीव घाबरा होण्याचा त्रास आहे. चार महिने ती एका समुपदेशकांकडे जाते. बोलून आल्यावर तिला हलकं वाटतं, पण एकटीने प्रवास अजून काही करत नाही. मला कुतूहल आहे ते असं : चिंतेवरचा हा उपचार शिकवतात तरी कसा? दोन दिवसांत तो येतो का? आणि शिकलेल्याला तो खरोखर येतो की नाही, हे कोण तपासतं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन दिवसांत येत नाही. दोन दिवसांत त्याची ओळख होते, आणि चांगल्या शिक्षकाकडून झाली तर ती ओळखही मोलाची असते. पण ओळख झालेला माणूस आणि उपचार करू शकणारा माणूस यांच्यात निदान वर्षभराचं अंतर असतं, आणि ते वर्ष बहुतेक वर्गाबाहेर जातं. तुमचे दोन्ही अनुभव, भाचीचं प्रमाणपत्र आणि पत्नीचे चार महिने, एकाच प्रश्नाशी येऊन मिळतात. म्हणून आधी हा उपचार, म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी), काय आहे ते पाहू. त्याशिवाय तो शिकवणं अवघड का, हे लक्षात येणार नाही.

लोकलमध्ये जीव घाबरा होतो तेव्हा नेमकं काय घडतं, याचा एक नेटका आराखडा डेव्हिड क्लार्क या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली मांडला. गर्दीमुळे, उकाड्यामुळे, उपाशीपोटी निघाल्यामुळे किंवा नुसतीच छातीत धडधड होते. ती कुणालाही होते. पण पॅनिकचा, म्हणजे असा अचानक जीव घाबरा होण्याचा, त्रास असलेला माणूस तिचा अर्थ 'हा हार्ट अटॅक आहे' किंवा 'मी आता चक्कर येऊन पडणार' असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, श्वास जोरात चालू लागतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या म्हणजे शंकेवर शिक्कामोर्तबच. काही मिनिटांत हे चक्र टोकाला पोहोचतं आणि मग आपोआप उतरतं. शरीराला त्या टोकावर फार वेळ राहता येत नाही.

मग इतक्या वेळा काहीही वाईट न होता उतरूनसुद्धा माणसाची भीती जात का नाही? याचं उत्तर क्लार्क यांचे सहकारी पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी दिलं, आणि माझ्या मते चिंतेच्या उपचारांतलं ते सर्वांत उपयोगी उत्तर आहे. माणूस प्रत्येक वेळी स्वतःला वाचवण्यासाठी काहीतरी करतो. पाण्याची बाटली बाळगतो, दाराजवळ उभा राहतो, मनगटावर नाडी मोजतो, कुणालातरी सोबत घेतो, पुढच्या स्टेशनला उतरतो. काहीच वाईट घडत नाही, पण त्याचं श्रेय बाटलीला, दाराला, सोबतीला जातं. 'मी वाचले ते पाणी होतं म्हणून.' भीती खोटी ठरण्याची संधी दर वेळी हुकते.

म्हणून उपचाराचा गाभा बोलून समजूत घालण्यात नसतो. रुग्णाने आपली भीती स्वतः तपासून पाहायची असते. उपचारक खोलीतच रुग्णाला मिनिट-दोन मिनिटं भराभर श्वास घ्यायला लावतो, तीच धडधड, त्याच मुंग्या मुद्दाम आणतो. रुग्णाला कळतं की ही लक्षणं नुसत्या श्वासाने येतात आणि जातात. नंतर दोघं मिळून लोकलमध्ये जातात. आधी बाटली घेऊन, मग बाटलीशिवाय, मग रुग्ण एकटा, मग गर्दीच्या वेळी. दर वेळी आधी लिहून ठेवायचं की काय होईल असं वाटतं, आणि नंतर लिहायचं की प्रत्यक्षात काय झालं.

वाचायला हे सोपं आहे. म्हणूनच दोन दिवसांत शिकल्यासारखं वाटतं.

अवघड भाग कुठे आहे, ते एका नमुन्याच्या संवादातून दाखवतो. नवखा समुपदेशक साधारण असं बोलतो : "ताई, तुमचा ईसीजी नॉर्मल आहे ना? टू-डी इकोही नॉर्मल. मग हार्ट अटॅक येईलच कसा?" ताई म्हणतात, "हो, ते पटतं." आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फलाटावरून परत फिरतात. त्यांना ते आधीही पटलेलंच होतं. घरच्यांनीही हेच सांगून झालेलं असतं.

तयार झालेला उपचारक सांगत नाही, विचारतो. "त्या दिवशी गाडीत नेमकं काय झालं?" "छाती भरून आली, वाटलं आता पडते." "मग काय केलंत?" "खाली बसले. पाणी प्यायले." "पाणी नसतं तर?" "पडलेच असते." "असं आजवर किती वेळा झालं असेल?" "चाळीस-पन्नास वेळा तरी." "त्यातल्या किती वेळा पडलात?" "एकदाही नाही." इथे शिकाऊ माणसाला वाटतं, जिंकलो. तो खुशीत पुढच्या मुद्द्याकडे जातो. जाणता माणूस इथेच थांबतो, कारण ताईंच्या मनात एक 'पण' उरला आहे हे त्याला ऐकू येतं. "पण दर वेळी पाणी होतं ना जवळ." "बरोबर. मग पाण्यामुळे पडला नाहीत, की पडणारच नव्हतात, हे आपल्याला कळायचं कसं? काय करून बघता येईल?" आता प्रयोग ताईंच्या तोंडून येतो. तो त्यांचा असतो, म्हणून त्या तो करून पाहतात.

या दोन संवादांतला फरक कुठल्याही पुस्तकात वाचून कळतो. खोलीत, समोर घाबरलेला माणूस बसलेला असताना, तो साधायला सराव लागतो, आणि तो सराव कुणीतरी ऐकत असावं लागतं. ही सगळी चर्चा आता या 'ऐकण्या'पाशीच येणार आहे.

हे ऐकणं मोठ्या प्रमाणावर घडवून आणलं ते इंग्लंडने, आणि ती हकिकत सांगण्यासारखी आहे. तिथल्या आरोग्याच्या मार्गदर्शक संस्थेने, म्हणजे 'नाइस'ने, २००४ साली चिंता आणि नैराश्यासाठी सीबीटीची शिफारस केली. शिफारस होती, पण उपचार करणारे हात नव्हते. सरकारी सेवेत रुग्णांना महिनोन्‌महिने थांबावं लागे, नाहीतर नुसत्या गोळ्या मिळत. त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ साली, ब्रिटिश अकादमीतल्या एका चहापानाला रिचर्ड लेयर्ड हे अर्थतज्ज्ञ आणि वर उल्लेख केलेले डेव्हिड क्लार्क यांची गाठ पडली. लेयर्ड सुखाच्या अर्थशास्त्रावर काम करत होते. त्यांनी हिशेब मांडला : चिंता आणि नैराश्यामुळे माणसं काम सोडून भत्त्यावर बसतात, उपचार मिळाले तर त्यांतली बरीच कामावर परततील, आणि उपचारांचा खर्च सरकारला परत मिळेल. २००६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून हा अहवाल निघाला. त्याच वर्षी डॉन्कास्टर आणि लंडनमधल्या न्यूअॅम इथे पथदर्शी केंद्रं सुरू झाली. २००८पासून देशभर योजना राबवायला घेतली, आणि पहिल्या तीन वर्षांत ३६०० नवे उपचारक तयार करायचं ठरलं. आज ती सेवा 'एनएचएस टॉकिंग थेरपीज' या नावाने चालते, आणि दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक तिच्याकडे पाठवले जातात.

३६०० माणसं तयार करायची तर 'तयार' म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. ते काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अँथनी रॉथ आणि स्टीफन पिलिंग यांच्याकडे आलं. त्यांनी जी पद्धत वापरली ती मला फार प्रामाणिक वाटते. 'चांगल्या उपचारकाला काय यायला हवं' याची यादी त्यांनी स्वतःच्या मतांवर बेतली नाही. ज्या शास्त्रीय चाचण्यांत सीबीटीने गुण येतो हे सिद्ध झालं होतं, त्या चाचण्यांत उपचारक ज्या हस्तपुस्तिका वापरत होते त्या त्यांनी गोळा केल्या, आणि त्या लोकांनी प्रत्यक्ष काय केलं हे त्यांतून काढलं. २००७ साली हा आराखडा प्रसिद्ध झाला. त्याचे थर आहेत : तळाशी कुठल्याही समुपदेशनाला लागणारी कौशल्यं, म्हणजे ऐकून घेणं, विश्वास संपादन करणं, धोका ओळखणं. त्यावर सीबीटीची मूलभूत रीत, त्यावर विशिष्ट तंत्रं, मग एकेका विकाराचं खास काम. पॅनिकचं वेगळं, सामाजिक भीतीचं वेगळं, सतत काळजी करण्याच्या विकाराचं वेगळं. आणि सगळ्यांच्या वर, कुठल्या रुग्णाला कधी काय लागू करायचं आणि कधी करायचं नाही, याचा विवेक.

'पॅनिकचं वेगळं, सामाजिक भीतीचं वेगळं' हे मी मुद्दाम लिहिलं. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यशाळांत 'चिंता' हा एकच विषय असतो, आणि उपाय म्हणून सगळ्यांना दीर्घ श्वसन आणि 'सकारात्मक विचार' दिले जातात. चारचौघांत बोलायची भीती असलेल्या मुलीवरचा उपचार अगदी निराळा आहे. क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांच्या १९९५च्या मांडणीनुसार तिचं सगळं लक्ष स्वतःकडे वळलेलं असतं : माझा आवाज थरथरतोय, माझा चेहरा लाल झालाय. उपचारात तिला बोलताना व्हिडिओवर टिपतात, आणि आपण कशा दिसत असू याचा अंदाज आधी लिहायला लावतात. मग ती स्वतःला पाहते, आणि मनातलं चित्र आणि पडद्यावरचं चित्र यांत किती फरक आहे हे तिलाच दिसतं. पॅनिकच्या रुग्णाला याचा काडीचा उपयोग नाही. उलट पॅनिकच्या रुग्णाला दीर्घ श्वसन शिकवलं तर तेही पाण्याच्या बाटलीसारखी बचावाची नवी सवय होऊन बसू शकतं. 'श्वास नीट घेतला म्हणून वाचले.' चांगल्या हेतूने दिलेली गोष्ट विकाराला खतपाणी घालते, ती अशी.

आता प्रशिक्षणाचं प्रत्यक्ष स्वरूप. इंग्लंडमध्ये पूर्ण सीबीटी करणारा उपचारक व्हायला साधारण वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. घेतात कुणाला? कोरी माणसं घेत नाहीत. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आधीच काम केलेल्या परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, समुपदेशक यांना घेतात. आठवड्याचे दोन दिवस विद्यापीठात आणि तीन दिवस प्रत्यक्ष सेवाकेंद्रात रुग्णांसोबत, पगारी. सौम्य त्रासासाठी पुस्तिकेच्या आधाराने आणि फोनवरून मदत करणाऱ्यांचा गट वेगळा आहे. त्यांचं प्रशिक्षण वेगळं, लहान आणि तेवढ्याच कामापुरतं. ब्रिटनमधली सीबीटी उपचारकांची संघटना मान्यता देताना किमान २०० तासांचं देखरेखीखालचं काम मागते, आणि निदान आठ रुग्णांवर आरंभापासून शेवटपर्यंत केलेले उपचार पाहते.

देखरेखीखालचं म्हणजे काय? दर आठवड्याला शिकाऊ उपचारक आपल्या सत्रांचं ध्वनिमुद्रण घेऊन सुपरव्हायझरपुढे बसतो. रुग्णाची लेखी संमती अर्थातच आधी घेतलेली असते. 'काय झालं ते सांग' एवढं पुरत नाही, कारण आपण काय केलं याची आपली आठवण आपल्या बाजूने झुकलेली असते. टेप लावायची आणि ऐकायची. गुणदानासाठी १२ कलमांची एक श्रेणी आहे. न्यूकॅसलमध्ये आयव्ही ब्लॅकबर्न आणि सहकाऱ्यांनी ती २००१ साली सुधारून मांडली. सत्राच्या सुरुवातीला आज काय करायचं हे दोघांनी मिळून ठरवलं का, रुग्णाचा अभिप्राय घेतला का, सत्राचा वेग सांभाळला का, भावना बोलक्या झाल्या का, नेमका भीतीचा विचार हाती लागला का, प्रश्नांतून शोध घडला का, गृहपाठ ठरला का आणि मागच्या गृहपाठाचं काय झालं हे विचारलं का, अशी ती कलमं आहेत. प्रत्येकाला शून्य ते सहा. एकूण ७२. उत्तीर्ण व्हायला साधारणतः ३६ लागतात, आणि ते सगळ्यांना पहिल्या फटक्यात मिळत नाहीत.

तुम्ही विचाराल, एवढ्या खटाटोपाची खरंच गरज आहे का? यावर संशोधन झालं आहे. अमेरिकेत २००५ साली व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या ७८ समुपदेशकांना सीबीटी तीन प्रकारे शिकवली : एका गटाला फक्त हस्तपुस्तिका, दुसऱ्याला हस्तपुस्तिका आणि वेबसाइट, तिसऱ्याला हस्तपुस्तिका, वर्ग आणि नंतर देखरेख. तिसरा गट पुढे गेला. चिंतेच्या बाबतीत त्याहून बोलका अभ्यास फिलाडेल्फियातला, २०१२ सालचा, रिनाड बायडस आणि फिलिप केंडल यांचा. मुलांच्या चिंताविकारावर काम करणाऱ्या ११५ उपचारकांना त्यांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी प्रशिक्षण दिलं. कुठल्या पद्धतीने शिकवलं याने फारसा फरक पडला नाही. प्रशिक्षणानंतर तीन महिने दर आठवड्याला तज्ज्ञाशी आपल्या केसवर चर्चा करायची सोय होती. तिथे ज्यांनी जास्त तास दिले त्यांचं कौशल्य जास्त वाढलं. कार्यशाळा छान होती की नाही यापेक्षा कार्यशाळेनंतर कोण सोबत होतं, यावर ते ठरलं.

एक गोष्ट अजून आहे, आणि तुमच्या पत्नीच्या चार महिन्यांचं कारण कदाचित तिच्यातच असेल. उपचारक स्वतः घाबरतो. रुग्णाला भराभर श्वास घ्यायला लावायचा, त्याला घाम फुटलेला पाहायचा, लिफ्टमध्ये घेऊन जायचं, हे मायाळू माणसाला जड जातं. 'त्यांना फार त्रास होईल', 'त्या पुन्हा येणारच नाहीत', 'आधी विश्वास बसू दे, मग बघू.' मग सत्रं गप्पांत जातात, हलकं वाटतं, आणि उपचाराचा गाभाच बाजूला राहतो. ब्रेट डीकन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली उपचारकांच्या मनातल्या अशा २१ समजुती तपासणारी प्रश्नावलीच तयार केली. ज्यांच्या मनात या समजुती घट्ट, ते भीतीला सामोरं जाण्याचा भाग बोटचेपेपणाने करतात, असं दिसून आलं. ग्लेन वॉलर यांनी या घसरणीवर २००९ साली लिहिलं तेव्हा त्यांचा रोख अननुभवी लोकांपुरता नव्हता. चांगलं प्रशिक्षण घेतलेले लोकसुद्धा हळूहळू कठीण भाग टाळू लागतात. त्यांना तिथून परत आणतो तो सुपरव्हायझरच, कारण टेपमध्ये ती टाळाटाळ ऐकू येते.

त्यामुळे चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना हे सगळं स्वतःवर करून पाहायला लावतात. वर्गात सगळ्यांनी उभं राहून भराभर श्वास घ्यायचा, बारीक स्ट्रॉतून श्वास घ्यायचा, गोल गोल फिरायचं. स्वतःची एखादी छोटी भीती निवडून तिच्यावर महिनाभर काम करायचं. जेम्स बेनेट-लेव्ही यांनी या 'स्वतःवर सराव आणि मग चिंतन' पद्धतीवर बरंच काम केलं आहे. माझ्या मते याला पर्याय नाही. ज्याने स्वतःच्या छातीतली धडधड मुद्दाम वाढवून पाहिली आहे, तो रुग्णाला "आणखी तीस सेकंद" असं ज्या आवाजात म्हणतो, तो आवाज पुस्तकातून येत नाही.

प्रश्न : तपासतं कोण?

उत्तर : इंग्लंडमध्ये याचं मुख्य उत्तर रुग्ण देतो. प्रत्येक सत्राआधी रुग्ण दोन छोट्या प्रश्नावल्या भरतो. चिंतेची 'जीएडी-७' म्हणजे सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. नैराश्याची 'पीएचक्यू-९'. प्रत्येक सत्राला, अपवाद न करता. कारण फक्त सुरुवातीला आणि शेवटी मोजलं तर मध्येच सोडून गेलेल्यांचा पत्ता लागत नाही, आणि बहुतेक वेळा ज्यांना गुण आला नाही तेच सोडून गेलेले असतात. ही आकडेवारी केंद्रागणिक जाहीर होते. कुणालाही पाहता येते. योजनेचं लक्ष्य होतं की उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी निम्मे लोक आजाराच्या मर्यादेखाली यावेत. पहिल्या काही वर्षांत हे प्रमाण त्याहून बरंच कमी होतं. २०१७च्या सुमारास ते ५० टक्क्यांना पोहोचलं.

निम्मे म्हणजे निम्मे बरे झाले नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तिथल्या उपचारकांवर कामाचा ताण मोठा आहे, लक्ष्य गाठायच्या धावपळीत माणसं थकतात, अशी टीका होते आणि ती वाजवी आहे. तरीही आपल्या कामाचा निकाल दर आठवड्याला मोजून लोकांपुढे ठेवण्याचं धैर्य मला त्या योजनेतलं सर्वांत घेण्यासारखं वाटतं.

प्रश्न : आपल्याकडे हे शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, आणि शेजारी गोव्यात झालेलंही आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली स्थापलेल्या 'संगत' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं. त्यांच्या 'मानस' चाचणीचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात प्राथमिक आरोग्यसेवेतून चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना मदत दिली होती, आणि सरकारी केंद्रांत तिचा फायदा दिसला. २०१७ साली त्याच नियतकालिकात आलेल्या पुढच्या चाचणीत नैराश्यासाठी सीबीटीच्याच कुळातला, वर्तन सक्रिय करण्याचा सहा ते आठ सत्रांचा उपचार होता. दोन्हीकडचे उपचार इंग्लंडपेक्षा वेगळे. पण तयारीची रीत पाहिली की ओळख पटते : वर्ग थोडा, मग रोलप्ले, मग प्रत्यक्ष रुग्णांसोबत देखरेखीखाली उमेदवारी, त्यात कौशल्य दिसलं तरच निवड. निवडीनंतरही समुपदेशक गटाने बसून एकमेकांच्या सत्रांच्या टेपा ऐकत आणि ठरलेल्या श्रेणीवर गुण देत. तज्ज्ञ मोजके असतात तिथे सहकारीच तज्ज्ञाचं काही काम करतात, हे त्यांनी करून दाखवलं. 'पैसा नाही, माणसं नाहीत' हे आपलं नेहमीचं उत्तर मला त्यानंतर पटेनासं झालं.

महाराष्ट्रात विचार तपासून भावना बदलण्याची ही वाट अनोळखी नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, रुजवली आणि तिच्यात माणसं तयार केली. एलिस यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. तेव्हा आपल्याकडे भाषा आहे, वाचक आहेत, शिकायची हौस उदंड आहे. कमी पडतो तो नंतरचा भाग. कार्यशाळा भरतात, टेपा ऐकणारं कुणी मिळत नाही.

आता तुमच्या घरापुरतं. पत्नीची हृदय, थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन ही तपासणी एकदा झाली नसेल तर करून घ्या. एकदाच, पुन्हा पुन्हा नको, कारण पुन्हा पुन्हा तपासणं हीसुद्धा बचावाची सवय होते. गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर थांबवू नका. या विकारात गोळ्यांचाही उपयोग होतो. समुपदेशक बदलायची घाई करू नका. त्यांना मोकळेपणाने विचारा : आपल्या उपचाराचा आराखडा काय? प्रवासाचा सराव कधी सुरू करायचा, आणि पहिल्यांदा तुम्ही सोबत याल का? दर वेळी मोजायची काही सोय आहे का? पॅनिकसाठी 'नाइस'ने सांगितलेला एकूण कालावधी ७ ते १४ तासांचा आहे, तेव्हा चार महिन्यांनंतर हे प्रश्न विचारणं मुळीच उद्धटपणाचं नाही. चांगला उपचारक त्यांचं स्वागतच करील. उत्तर टाळलं गेलं, तर दुसरीकडे जायला हरकत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जा. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि मराठीतही बोलता येतं.

आणि एक नाजूक गोष्ट : तुम्ही प्रेमाने रोज त्यांच्यासोबत प्रवास करत असाल, तर ती सोबत हळूहळू कमी करणं हाही उपचाराचा भाग असेल. पण ते तुम्ही परस्पर ठरवू नका. त्या आणि त्यांचे उपचारक मिळून ठरवतील, तुम्ही फक्त तयार राहा.

भाचीला माझा निरोप द्या. तिने पुढच्या कार्यशाळेची फी भरू नये. तेच पैसे एखाद्या अनुभवी सीबीटी उपचारकाकडच्या सुपरव्हिजनवर खर्च करावेत. तसं कुणी परवडत नसेल, तर बरोबरच्या तीन-चार जणींनी गोव्यातल्या समुपदेशकांसारखा गट करावा, क्लायंटची लेखी संमती घेऊन सत्रं मुद्रित करावीत, एकत्र ऐकावीत, गुण द्यावेत, आणि महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसाला बोलवावं. आणि जोवर तिची सत्रं ऐकणारं कुणी नाही, तोवर चिंताविकाराच्या रुग्णावर तिने स्वतंत्रपणे काम सुरू करू नये.